सात युनिटांचं देणं

साल दोन हजार सतरा. हिवाळा. डिसेंबरचा दुसरा आठवडा संपत आला होता आणि सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. त्या आठवड्यात मी एक छोटासा निर्णय घेतला. घरातला फोन यापुढे मी उचलायचा.

कारण साधं होतं. त्या वर्षी आमच्याकडे विजेच्या तीन कंपन्या झाल्या. आधी एकच होती. ती वीज द्यायची, आपण बिल भरायचं, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. चांगला व्यवहार होता. मग वरून हुकूम आला की गिऱ्हाइकानं आपली कंपनी आपण निवडावी. भाजी निवडतात तशी. तार तीच, खांब तोच, मीटर तेच. बदलणार काय, तर बिलाच्या डोक्यावरचं नाव. तेवढ्यासाठी तिन्ही कंपन्यांची पोरं रोज फोन करायला लागली, आणि तेही नेमकं जेवायच्या वेळी.

फोन आमची ही घ्यायची. सगळ्यांचं ऐकायची, सगळ्यांना "बघते हं" म्हणायची आणि पानावर येऊन मला सांगायची,

"अहो, ती नवी कंपनी पहिले तीन महिने सूट देते म्हणे."

"आणि चौथ्या महिन्याला?"

"ते नाही सांगितलं त्यानं."

"ते सांगत नसतात. उद्यापासून फोन मी घेईन."

"तुम्ही?" ही म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सूर मला आवडला नाही.

चाळीस वर्षं मी बाजारात तराजू आणि काटे दुरुस्त केले. शाळा चौथीपर्यंत. पण कुठल्या पारड्याखाली मेण चिकटवलंय हे मला दुकानाच्या पायरीवरून कळायचं. (माणसाचं कळत नाही. ते पुढे येईलच.)

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी आयुष्यात कुणाचा मिंधा झालो नाही. उसनं आणलं नाही, फुकट घेतलं नाही, साखरेची वाटी घेऊन आमच्या घरातून कुणी शेजारी गेलं नाही. त्यातून आमचा शेजारी कोण, तर कंडक्टर.

हा माणूस रिटायर होण्याआधी बसवर होता. मी एकदा वजनांची पिशवी घेऊन त्याच्या बसमध्ये चढलो. यानं पिशवी एका हातानं जराशी उचलली आणि म्हणाला, "तीस किलो. लगेज लागेल." मी म्हणालो, "अठ्ठावीस." तो म्हणाला, "तीस." वजनं माझी, शिक्का मारलेली, आणि हा मला त्यांचं वजन सांगणार! मी लगेज भरलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरून चालत गेलो. (चालताना पिशवी तीस किलोंची वाटली, हे खरं.) पुढे हाच माणूस आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आला. तो मला काटेवाले म्हणतो. मी त्याला काही म्हणत नाही. जिन्यात भेटला तर "हं" म्हणतो. सोळा वर्षं हे "हं" वर निभावलं होतं.

तर फोन. दुसऱ्या दिवशी मी पहिला घास उचलला आणि तो वाजला.

"नमस्कार सर! मी वीज कंपनीतून बोलतेय. दोन मिनिटं बोलू शकते का?"

आता दुकानात माझी एक पद्धत होती. गिऱ्हाईक बाकावर बसून गप्पा हाणायचं, मी काट्यात डोकं घालून काम करायचो आणि मधूनमधून म्हणायचो, "चालू द्या." म्हणजे, तुम्ही बोला, माझं लक्ष नाही. सगळ्या बाजाराला हा अर्थ ठाऊक होता.

मी म्हणालो, "चालू द्या."

ती चालू झाली. दर सांगितले, सूट सांगितली. तिची वीज म्हणे वाऱ्यापासून केलेली होती.

"चालू द्या."

"मग सर, आपल्याकडे पुढच्या सोमवारपासून चालू करून देऊ?"

"चालू द्या, चालू द्या."

"थँक्यू सो मच सर!" पोरीचा आवाज एकदम आनंदी झाला. फोन बंद. मी पानावर येऊन बसलो. आमटीसुद्धा निवली नव्हती.

"बघ," मी हिला म्हणालो. "दोन मिनिटांत गप्प केली."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कंपनीच्या पोराचा फोन आला. त्याला तसाच वाटेला लावला. तोही फार खूश होऊन गेला. त्यानंतर आमच्या जुन्या कंपनीचा फोन. बाई रडवेल्या होत्या.

"काका, इतक्या वर्षांचे ग्राहक तुम्ही. आम्हाला सोडून का चाललात?"

कोण कुणाला सोडून चाललंय ते मला कळेना. पण विचारायचं म्हणजे संभाषण वाढणार.

"चालू द्या," मी म्हणालो.

"म्हणजे परत आमचंच चालू करायचं ना, काका?"

"चालू द्या म्हटलं ना एकदा!"

त्यानंतर फोन थांबले. एक नाही, दोन नाही, एकही नाही. जेवणं शांतपणे व्हायला लागली.

"दरारा लागतो माणसाचा," मी हिला सांगितलं.

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास जिन्यात खडखड ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर मीटरांच्या फळीला शिडी, शिडीवर वायरमन, आणि वायरमनची पक्कड माझ्या मीटरात.

"काय चाललंय?"

"कनेक्शन काढतोय."

"कुणाच्या हुकमानं?"

"तुमच्याच, आजोबा."

"बिल भरलंय मी!"

"भरलंय ना. बिलाचं कोण बोलतंय? तुम्ही कंपनी बदलली. पहिलीनं तुम्हाला दुसरीला दिलं, दुसरीनं तिसरीला दिलं, तिसरी परत पहिलीला द्यायला गेली, तर पहिलीनं तोवर तुमचं नाव खोडलेलं. आता तुम्ही कुणाचेच नाही."

(या वयात हे जिन्यात उभं राहून ऐकायला बरं वाटत नाही.)

"मग चालू कर परत."

"माझ्याकडे बंद करायचा कागद आहे. चालू करायचा आला की चालू करीन." त्यानं पक्कड खिशात घातली, शिडी खांद्यावर टाकली आणि शीळ घालत गेला.

मी टोपी घातली आणि तडक वीज कचेरीत गेलो. तिथं पोचेपर्यंत खिडक्या बंद झाल्या होत्या. पहारेकऱ्याला चार शब्द सुनावले. त्यानं ते ऐकून घेतले आणि उद्या लवकर यायला सांगितलं. परत आलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. जिना चढून दार उघडलं, आणि घरात लख्ख उजेड.

"बघितलंस?" मी टोपी खुंटीला लावत म्हणालो. "नुसता कचेरीच्या दारापर्यंत गेलो होतो. आत शिरायचीसुद्धा गरज पडली नाही."

हिनं दिव्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. खिडकीतून एक पिवळी वायर आत आली होती. ती टेबलाखालून गेली होती, तिला एक बोर्ड होता, आणि बोर्डाला दिवा आणि हिच्या गुडघ्यांपाशी ठेवलेला छोटा हीटर लावला होता. मी वायरीच्या उलट्या दिशेनं निघालो. खिडकी, गॅलरी, कठडा, पलीकडची गॅलरी, पलीकडची खिडकी. खिडकीत कंडक्टर.

"या, काटेवाले," तो म्हणाला. "लाइट पुरतोय ना?"

मी आत आलो.

"ही वायर काढ."

"भाऊजींनी आपणहून दिली."

"आपण नको म्हणायचं असतं."

"मी नाही म्हटलं नको. माझे गुडघेही म्हणाले नाहीत." हिनं शाल आवळून घेतली. "तुमच्या मानापमानानं माझे गुडघे शेकत नाहीत."

हिचे गुडघे थंडीत खरंच धरतात. उठताना भिंत लागते. वायर राहिली.

पण मी तो करंट वापरला नाही. मी खुर्ची फिरवली आणि दिव्याकडे पाठ करून बसलो. तरी उजेड पाठीवर पडायचाच. निदान डोळे तरी स्वच्छ राहिले, मिंधी झाली ती पाठ. ही त्याच उजेडात पेपर वाचत होती. मधेच मोठ्यानं वाचायला लागली.

"मोठ्यानं वाचू नकोस."

"का?"

"तो उजेड कंडक्टरचा आहे. त्यात वाचलेली बातमी मला नको."

"मग कान झाका," ही म्हणाली आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी दारात हजर. ही पण आली. (मी तिला घरी थांब म्हणालो होतो. तिनं चप्पल घातलेली होती.) आत तीन खिडक्या, तीन कंपन्यांच्या. पहिलीनं सांगितलं, तुम्ही दुसरीचे. दुसरीनं सांगितलं, तुम्ही तिसरीकडे गेलात. तिसरीनं सांगितलं, तुम्ही तर पहिलीकडे परत गेलात. मी परत पहिलीपाशी आलो. मी मूळचा कुणाचा, हे सोडून सगळं समजलं.

"मी कंपनी बदला असं कुणालाही सांगितलेलं नाही," मी काच वाजवून म्हणालो.

"काका, आमच्याकडे रेकॉर्डिंग आहे ना," खिडकीतली बाई म्हणाली. "ऐका."

तिनं एक बटण दाबलं. आतून एक म्हातारा खेकसला, "चालू द्या म्हटलं ना एकदा!"

"हा खडूस कोण?" मी विचारलं.

बाई माझ्याकडे बघायला लागली. ही माझ्याकडे बघायला लागली. रांगेतला एक माणूस खोकला.

"तुम्हीच, काका."

मला माझा आवाज ओळखू आला नाही. तो इतका वाईट असेल असं वाटलं नव्हतं. हिला मात्र पहिल्या शब्दाला ओळखू आला होता.

"पण चालू द्या म्हणजे चालू करा असं नाही," मी म्हणालो. "चालू द्या म्हणजे तुमचं चालू द्या. बडबड."

"मग तसं म्हणायचं ना, काका. आम्ही विचारलं, चालू करू का. तुम्ही म्हणालात, चालू द्या. आम्ही चालू केलं."

बाईचं बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला. "आता काय करायचं ते सांगा."

"आता तिघींपैकी एक कंपनी निवडा."

"वीज तीच ना?"

"तीच."

"तार?"

"तीच."

"मग निवडायचं काय?"

बाईनं विचार केला. "सेवा," ती म्हणाली.

मी तिन्ही खिडक्या पुन्हा बघितल्या. मधल्या खिडकीसमोर एक खुर्ची होती. हिला बसायला झालं असतं. मी मधली कंपनी निवडली. (विचारपूर्वक निवडण्याची याहून चांगली रीत कुणाला ठाऊक असेल तर कळवावी.)

मधल्या खिडकीतल्या पोरीनं माझ्यापुढे एक छोटा माइक सरकवला. "आजोबा, मी विचारते. तुम्ही फक्त स्पष्ट 'हो' म्हणायचं. दुसरं काही नाही. आमच्या कंपनीची वीज तुम्हाला मान्य आहे?"

"बरं."

"बरं नाही, आजोबा. हो."

"ठीक आहे."

"हो म्हणा ना."

"म्हणतोय ना मी!"

"अगं मुली," ही खुर्चीवरून म्हणाली, "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मी अजून ऐकलेलं नाही. तुला कुठून मिळणार?"

रांगेतला तो माणूस पुन्हा खोकला. पोरगी घाबरून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला माझा आवाज नीट येतोय ना?"

"हो!" मी ओरडलो.

"झालं," पोरगी म्हणाली आणि माइक ओढून घेतला.

कागद मात्र आठवड्याच्या शेवटाला निघणार होता. तोवर पिवळी वायर. आणि रोज जिन्यात कंडक्टर. पहिल्या दिवशी "लाइट पुरतोय ना?" दुसऱ्या दिवशी "हीटर बारीक करू नका हो, वहिनींना गार लागेल." तिसऱ्या दिवशी मी सोळा वर्षांचं "हं" सोडलं आणि थांबलो.

"पैसे किती झाले?"

"कसले?"

"करंटचे."

"अहो, उजेडाचे कसले पैसे! शेजारधर्म आहे."

"मी विनातिकीट बसत नाही," मी म्हणालो.

"बसलेच आहात की," कंडक्टर म्हणाला आणि हातातली पिशवी झुलवत खाली गेला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हिनं विचारलं, मी सांगितलं नाही. काय सांगणार? पैसे घेतले असते तर व्यवहार झाला असता. तो पैसे घेत नव्हता म्हणजे मला जन्मभर मिंधा ठेवणार होता. उद्या जिन्यात माझ्याबरोबर कुणी परका असला तर त्याच्यासमोर विचारणार, "काय काटेवाले, आता घरचा लाइट आहे ना?" आणि मला हं म्हणावं लागणार. नुसतं हं सुद्धा मग हं राहणार नव्हतं.

शनिवारी वायरमन आला. चालू करायचा कागद दाखवला, चालू केलं, गेला. मी पिवळी वायर गुंडाळली, फडक्यानं पुसली आणि कंडक्टरच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याची बायको थंडीभर मुलीकडे गेली होती. एकटाच होता.

"ही वायर. आता करंट."

"करंटचं काय?"

"घेतला तेवढा परत देणार. पैसे नकोत ना? करंटच देतो."

कंडक्टरनं वायर हातात घेतली. मी थट्टा करत नाही हे त्याला ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला. "किती धरायचं?"

"दिवा आणि हीटर मिळून सात युनिट."

"छे! पाच."

"सात."

"पाचाच्या वर नाही जाणार, काटेवाले. छोटा हीटर तो."

"सात म्हणजे सात. वजन मी करतो."

असा सौदा मी बाजारात कधी बघितला नव्हता. देणारा चढवत होता, घेणारा उतरवत होता. शेवटी तो हसला आणि म्हणाला, "द्या मग सात. कधी?"

"उद्या सकाळी."

रविवारी सकाळी तीच वायर उलटी लागली, आमच्या प्लगातून त्याच्या घरभराच्या वायरिंगला. कंडक्टरनं आपला मेन बंद केला. आमच्या घरातलं सगळं मी बंद केलं, म्हणजे आमचं मीटर फिरेल ते फक्त त्याच्यासाठी. ही जिन्यात ऊन येतं तिथं मीटरखाली स्टूल टाकून बसली. सात युनिट झाले की तिनं हाक मारायची आणि मी वायरीचा प्लग काढायचा. रतीभर जास्त नाही, रतीभर कमी नाही.

दुपार व्हायला आली तरी हाक नाही. मी जिन्यात गेलो.

"किती?"

"अजून एक पण नाही."

मी कंडक्टरच्या घरात गेलो. पडदे उघडे, उन्हात खुर्ची, खुर्चीत कंडक्टर. चालू काय होतं, तर एक रेडिओ. तोही हळू.

"हे काय?" मी म्हणालो. "वापरा की!"

"वापरतोय. बातम्या लागल्यात."

"दिवे लावा."

"दिवसा?"

"पंखा लावा."

"डिसेंबरात?" तो म्हणाला. "मला घाई नाही, काटेवाले. महिना लागू दे. रोज या, बसा."

महिना! रोज! मी सरळ त्याच्या बाहेरच्या खोलीतला दिवा लावला. मग आतल्या खोलीतला. मग स्वयंपाकघरातला, मग मोरीतला. बेचाळीस वर्षं मी हिच्यामागे दिवे मालवत फिरलो, तो मी दुसऱ्याच्या घरात भर दुपारी बटणं दाबत फिरत होतो. पंखा लावला. टीव्ही लावला. टीव्हीवर कोण बोलत होतं ते बघितलं नाही, पण आवाज वाढवला. जिन्यात गेलो.

"किती?"

"एक झालं. आत काय चाललंय? आवाज कसला?"

"चालू दे," मी म्हणालो आणि परत गेलो. एवढ्यानं भागणार नव्हतं. काहीतरी वीज खाणारं हवं होतं. मी खोलीभर नजर फिरवली. कपाटावर इस्त्री होती. पलंगावर कपड्यांचा ढीग होता, धुतलेला, चुरगळलेला.

"हे इस्त्री का नाही केलं?"

"मला येत नाही," कंडक्टर म्हणाला. "ती आली की करील."

मी इस्त्री खाली काढली. हातात घेतली. वजन चांगलं होतं. टेबलावर चादर घातली, पाणी घेतलं, प्लग लावला आणि पहिला शर्ट ओढला.

शर्टांमागून पँटी केल्या, पँटींमागून चादरी. कंडक्टर खुर्ची फिरवून बघत बसला. मधे एकदा म्हणाला, "बाहीला आधी आतून घ्यायची असते ना?" मी म्हणालो, "तुम्हाला येत नाही ना? मग गप्प बसा." तो गप्प बसला. मग त्यानं आपणहून पडदे काढून दिले. दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई जिना चढताना थांबल्या, आत डोकावल्या आणि आमच्या हिला विचारलं,

"अगं, यांनी नवीन काम सुरू केलं का? शर्टाला किती घेतात?"

ही काय म्हणाली ते टीव्हीच्या आवाजात ऐकू आलं नाही. दोघी हसत होत्या एवढं दिसलं. थोड्या वेळानं त्या बाई दोन साड्या घेऊन खाली आल्या. मी त्यांना परत पाठवलं. करंट कंडक्टरचा होता.

ऊन उतरलं. ही शाल घेऊन परत स्टुलावर बसली. चार युनिट झाले. पाच झाले. माझी कंबर धरली. सहा झाले. ढिगात शेवटचा शर्ट राहिला होता, निळा. पाठ केली, पुढची बाजू केली, कॉलर केली, एक बाही केली. तेवढ्यात जिन्यातून हाक आली.

"अहो, सात झाले!"

मी वायरीचा प्लग उपटला.

"एक बाही राहिली," कंडक्टर म्हणाला.

मी इस्त्रीकडे बघितलं. ती अजून गरम होती. ती ऊब सातव्या युनिटातलीच होती, तेव्हा ती त्याचीच होती. मी बाही केली. शेवटच्या घडीपर्यंत इस्त्री गार होत आली होती. शर्टाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. कंडक्टरनं ती उलटीपालटी करून बघितली, कॉलरवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"मिळाले," तो म्हणाला. "सात."

मी वायर गुंडाळली, त्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो.